ओतीव नाकाची होडी

लोखंडाच्या तुकड्याला कूळ-गोत्र विचारणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामांची उद्यमनगरात छोटी फौंड्री आहे. भट्टीत टाकायचं भंगार इतर मालक वजन करून घेतात, मामा चौकशी करून घेतात. टेम्पो रिकामा व्हायला लागला की खुर्ची टाकून बसायचं आणि एकेक तुकडा उचलून विचारायचं, "ह्यो कुणाच्या घरातला?" भंगारवाला एकदा वैतागून म्हणाला, "मालक, ह्येचं लगीन जमवायचं हाय का वितळवायचं हाय?" मामांनी त्याला चहा पाजला, पण प्रश्न काही सोडला नाही. एका पाळण्याच्या कड्या त्यांनी वर्षभर बाजूला ठेवल्या होत्या, कारण त्या घरात पुन्हा पाळणा हलणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

अशा माणसाला मी जेवताना अमेरिकेची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पाडले गेले, माणसं गेली, आणि ढिगाऱ्यातलं पोलाद वितळवून तिथल्या नौदलाच्या जहाजाचं नाक, म्हणजे पाणी कापणारं पुढचं टोक, ओतलं गेलं. मामांचा घास हातातच राहिला. "वतलं? म्हंजे फौंड्रीतच की!" त्या दिवसापासून ते जहाज आमच्या घरचं झालं. लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, भेटेल त्याला मामा जहाज ऐकवू लागले. स्वतः समुद्र पाहिला होता एकदाच, तोही त्याच्याकडं पाठ करून, कारण समोरच्या वाऱ्यानं टोपी उडत होती.

मग महापूर आला. मामांची थोरली बहीण, आक्का, नदीकाठच्या गावात राहायची. गल्लीत होडी एकच आली आणि काठोकाठ भरली. आक्का तिच्यात बसलेली होती. शेजारची बाळंतीण दारात उभी दिसली, तशी आक्का उतरली. "तू बस बाई, मी येते म्हागनं," म्हणाली. होडी परत पोचेपर्यंत आक्कावर तिचं मातीचं घर खचलं होतं.

पाणी ओसरल्यावर मामा रडले नाहीत. टेम्पो घेऊन गेले आणि गावातलं बुडालेलं लोखंड गोळा करून आणलं. कडबाकुट्टीची चाकं, गिरणीचे भाग, आक्काच्या शिवणयंत्राचा पाय. पुढच्या पावसाळ्याआधी गावाला मोठी होडी द्यायची आणि तिचं नाक ह्याच लोखंडाचं ओतायचं, असं त्यांनी जाहीर केलं. पत्र्याचं धड शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं केलं. नाक मामांनी ओतलं. जन्मभर लेथ मशीनचे जाडजूड बेड ओतलेला माणूस तो, पातळ काही ओतणं त्यांना कमीपणाचं वाटतं. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "मामा, लई जड हुतंय की वो." मामा म्हणाले, "अमेरिकेचं तरंगतंय न्हवं?"

नदीवर सगळं गाव जमलं. नारळ फुटला, होडी पाण्यात गेली आणि साष्टांग नमस्कार घालायला निघाल्यासारखी नाकावर वाकली. लोक हसले, मीही हसलो. चार जण मागं बसवले तरी नाक पाण्यातच. सरपंच म्हणाले, मागं दगड भरू. "मग माणसं कुठं बसायची?" फॅब्रिकेशनवाल्यानं विचारलं. नाक काढल्याशिवाय इलाज नव्हता, आणि त्या नाकात आक्का होती. हे मामांना सांगायचं कुणी?

"मामा, घासून जरा हलकं करून बघू," मी म्हणालो.

मामा गुडघाभर पाण्यात उतरले. ओल्या लोखंडावरून त्यांनी हात फिरवला. "न्हाय पावणं," ते म्हणाले. मग फॅब्रिकेशनवाल्याकडं वळले. "काढ रं बोल्ट. चार माणसं जास्त बसतील. आक्का असती तर आपणहून उतरली असती."

नाक निघालं, तशी होडी सरळ झाली. तिथं साधा पत्रा बसला आणि होडी गावात राहिली. परतताना मामा टेम्पोत पुढं बसलेच नाहीत, मागं त्या नाकाशेजारी बसले. मीही त्यांच्याजवळ बसलो. एवढं जड लोखंड जागचं कशाला हलतंय, पण खड्डा आला की मामा त्याला हात देत होते.