शेवटची सोळा पाने

मोहल्ल्यात श्रावणविषयी दोन मते नव्हती. शेजारी म्हणत, माणूस सरळ आहे, व्यसन कसले नाही, पण पन्नाशीला टेकला तरी पोरांची पुस्तके वाचतो. समोरच्या पार्वताबाईंचे म्हणणे असे की, याच्याकडे जावई मुक्कामाला आला तर त्याला पाहुणचाराआधी वाघाची गोष्ट ऐकावी लागेल. त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, तरी नवऱ्याची बाजू घ्यावी, तर त्याच म्हणत, "दुसऱ्या बाया नवऱ्याच्या अंगाले अत्तराचा वास येते काय म्हून पाह्यतात. माह्या नवऱ्याच्या अंगाले खळीचा येते."

पाने चिकटवायच्या खळीचा वास येण्याला कारण होते. श्रावण अकोल्यातल्या एका जुन्या वाचनालयात हजेरीपटावर शिपाई होता. प्रत्यक्षात तो तिथला पुस्तकबांधणारा होता. नवी पुस्तके आता चांगल्या बांधणीची येत, त्यामुळे त्याचे कौशल्य उरले होते ते एका कपाटापुरते. त्या कपाटात १९२२ ते १९३८ या काळातल्या सत्तेचाळीस कुमार-कादंबऱ्या होत्या.

त्या कादंबऱ्यांचा एक साचा ठरलेला होता. नायक चौदा ते सोळा वर्षांचा, गोरा, आणि वडील दिवाणबहादूर. सुट्टीत तो मामाच्या गावी जाई आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्याला भुयार सापडे. त्याची बहीण फराळाचा डबा भरून देई आणि भीतीने डोळे मिटून घेई. पुढच्या दीडशे पानांत ते उघडल्याचा उल्लेख नसे. डबा, कंदील, दोरखंड आणि प्रसंगी स्वतः नायक, हे सारे ओझे नत्थू, भिकू किंवा तत्सम नावाचा गडी वाही. शेवटच्या प्रकरणात वाघ, साप वा दरोडेखोराची गोळी नायकावर येई, गडी मध्ये पडे, आणि "मालक, माझं सोनं झालं" असे म्हणून हसत प्राण सोडी. नायकाला पदक मिळे.

बार्शीटाकळीजवळच्या खेड्यात शाळेच्या दाराबाहेर बसून वाचायला शिकलेल्या श्रावणच्या हाती पहिले पुस्तक आले ते असेच, मास्तरांनी फाटके म्हणून टाकलेले. त्यातला गाविलगडाच्या भुयारात शिरलेला नत्थू गडी त्याला फार आवडला, कारण वाट त्यालाच ठाऊक होती. पुस्तकाची शेवटची पाने नव्हती. वाचनालयात नोकरी लागल्यावर त्याच पुस्तकाची धड प्रत त्याच्या हाती पडली, तेव्हा मधली अठरा वर्षे जिवंत असलेला नत्थू एका दुपारी मेला. त्या दिवशी श्रावणने डबा तसाच घरी आणला.

पुस्तकांचे म्हणाल तर प्रत्येकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, आधी सुटतो. सोळा पाने जातात. वाचनालयाची रीत अशी होती की, गेलेली पाने अमरावतीच्या वाचनालयातल्या प्रतीवरून श्रावणने हाताने उतरवून आणावी आणि शिवावी. अक्षर छापल्यासारखे असल्याने समितीला त्याचे कौतुक होते. बडनेऱ्याला गाडी बदलून तो जाई आणि शब्दाला शब्द उतरवून आणी.

१९५८ साली गाविलगडाच्या कादंबरीची पाळी आली. अमरावतीला गेला तर तिथल्या प्रतीचाही शेवट गेलेला. मूळ मजकूर आठवत नव्हता असे नाही. चांगला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. पुष्कळ गोष्टी सोडून झाल्या होत्या, आता हा शेवट सोडणेही त्याच्या हातात होते. बडनेरा स्टेशनच्या बाकावर बसून त्याने सोळा पाने लिहिली. वाघ आला, तेव्हा नत्थूने नायकाला, प्रभाकरला, एका झाडावर चढवले आणि स्वतः दुसऱ्यावर चढला. दोन तासांनी वाघ कंटाळून गेला. नत्थू खाली उतरला, गाठोडे प्रभाकरच्या हातात देऊन म्हणाला, वाट सरळ आहे, माझी ज्वारी काढायची राहिली आहे. आणि घरी गेला. पुढे आणखी सहा पुस्तकांच्या बाबतीत अमरावतीची प्रत उपयोगी पडली नाही, शेवट आठवून लिहिला, असे श्रावणने समितीला कळवले. अमरावतीला जाऊन खात्री करून घ्यावी असे कोणाला वाटले नाही.

१९६३ साली समितीने ते कपाट रद्दीत काढायचे ठरवले. अध्यक्ष वामनराव वकील म्हणाले, जागा अडते. श्रावणने हात जोडून एवढेच विचारले की, वाचून पाहिल्याशिवाय काढणार काय. हा मुद्दा वकिलांना कायद्याचा वाटला. मग ठराव झाला: जुन्या कुमार-वाङ्मयाचे पुनर्वाचन करावे, त्यावर अध्यक्षांनी व्याख्यान द्यावे, संस्कार आढळल्यास कपाट ठेवावे, न आढळल्यास विकावे.

वामनरावांनी एकच पुस्तक नेले, आणि सवयीप्रमाणे शेवटापासून वाचले. गाविलगडाचे होते. व्याख्यानात ते म्हणाले की, गडी गाठोडे धन्याच्या हाती देतो, हा स्वावलंबनाचा संस्कार पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने दिला. पंचवार्षिक योजना पुढे आल्या, द्रष्टा आधी आला होता. टाळ्या पडल्या. कपाट ठेवायचे ठरले, त्याला नवे कुलूप लागले, आणि व्याख्यान स्थानिक साप्ताहिकात छापून आले. श्रावण मागे सतरंजीच्या कडेला उभा राहून ऐकत होता. त्याला आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

भीती खरी ठरली. साप्ताहिक वाचून निवृत्त मुख्याध्यापक महादेवराव आठ दिवसांनी वाचनालयात आले. एकोणतीस साली शाळेत बक्षीस मिळालेली त्याच कादंबरीची अखंड प्रत त्यांच्या पेटीत होती. त्यांनी समितीपुढे शेवटचे प्रकरण खणखणीत वाचले. नत्थू मेला. वामनरावांनी पाणी मागवले.

मग कपाट उघडून श्रावणच्या हातची सातही पुस्तके टेबलावर आली. महादेवराव एकेकाचा शेवट चाळत गेले. एका गड्याने सापाला काठीने उचलून बाजूला टाकले होते. एकाने दरोडेखोरांशी बोलणी करून तंबाखू मिळवली होती. सातही जण आपापल्या घरी पोचले होते. महादेवराव म्हणाले की, हा वाङ्मयाचा खून आहे.

श्रावणला बोलावले. वामनरावांना वाङ्मयापेक्षा आपल्या व्याख्यानाची काळजी अधिक होती, म्हणून ते मऊ बोलले. बाहेर वाच्यता करायची नाही. त्याने माफीचा कागद लिहावा, महादेवरावांच्या प्रतीवरून मूळ शेवट उतरवावा, बाकी सहांचेही शोधून आणावे, आणि आपली पाने काढून ती लावावी. तसे केले तर कपाट राहील, नोकरीही राहील. नाही तर दोन्ही जातील.

"आणि मला एवढे सांग," महादेवराव म्हणाले, "सात पुस्तकांत एकही गडी मरू नये, हे तू कोणाला विचारून ठरवलेस?"

श्रावणने टेबलावरची पुस्तके नीट एकावर एक रचली.

"कोनाले इचारू, गुरुजी? चाळीस पुस्तकाइत तो मेलाच हाये, तवा त्याले कोनं इचारलं? कपाट इकाचं असन त इका, मले काढाचं असन त काढा. माह्या हातानं त्याले मारनं होत नाही."