तानाबाईंच्या बोलीत 'तू' नाही

मंगळवार पेठेतल्या तानाबाईंच्या डंकावर चटणी कुटायला आलेली बाई आधी शिंकते आणि मग गप्प होते. तोंडाला पदर, वर कुटायच्या मशीनच्या लोखंडी मुसळांचा धडाका. बोलणार काय आणि ऐकणार कोण? पण मिरच्या ठेवून घरी जाईल ती कोल्हापूरची बाई कसली! आपल्या ब्याडगीत दुसरीची लवंगी मिसळेल या धास्तीनं सगळी चटणी डब्यात पडेपर्यंत ती तिथंच ठाण मांडून बसते.

म्हणून तानाबाईंनी हातांची बोली रचली. मीठ, तेल, बारीक, थांबा, या खुणा पहिल्याच उन्हाळ्यात जमल्या. घोडं अडलं ते कुणाचं कुटायचं, हे सांगताना. 'आता तुमचं' एवढंच सांगायला त्यांनी घाईत एका वयस्क पाटलीणबाईंकडे बोट केलं. बाईंनी ते बोट असं मनाला लावून घेतलं, की डबा उचलून त्या तडक दुसऱ्या डंकावर गेल्या. गिऱ्हाईक गेलं त्याचं काही नाही, पण आपल्या दारात थोरामोठ्या बाईचा मान गेला, हे तानाबाईंना फार लागलं.

त्यांनी बोट बादच करून टाकलं. 'मी' म्हणजे छातीवर हात. 'तुम्ही' म्हणजे वर वळवलेला उघडा तळहात, पाहुण्याला पाट दाखवावा तसा. चहाला गेलेली किंवा अजून यायची असलेली, म्हणजे समोर नसलेली बाई सांगायची तर कानाच्या पाळीला हात. 'आपण' म्हणजे दोन्ही हातांचा घेर. 'तू' त्यांनी केलाच नाही. कारखानदाराच्या बायकोपुढं जो तळहात, तोच धुणीभांडी करणाऱ्या केरबाच्या आईपुढं. आणि नवी सून पूर्णिमा डंकावर आली तेव्हा तिच्याहीपुढं तोच. घरात 'अगं ए' ऐकणारी पूर्णिमा डंकावर 'तुम्ही' झाली. तिला आधी हसू आलं, मग डोळे भरले. मिरचीचं निमित्त होतंच. त्या दिवसापासून सासूबाईंबद्दल तिच्या मनात जो आदर बसला, तो कायमचा.

वर्षानुवर्षांच्या धडाक्यानं शेवटी तानाबाईंचे कान गेले. डॉक्टरांनी आवाजापासून लांब राहायला सांगितलं आणि पूर्णिमाच्या नवऱ्यानं, सम्राटनं, डंक बंद करून गाळा मोबाईलवाल्याला द्यायचं ठरवूनच टाकलं. पोरगा वाईट नव्हे, आईच्या काळजीपोटीच करत होता. पण डंक गेला तर आईजवळ काय उरतं, याचा विचार त्याच्या डोक्याला शिवला नव्हता.

चुलते गणपतराव आले, सोप्यात बैठक बसली. मधोमध तानाबाई, एकेकाच्या तोंडाकडं बघत. पूर्णिमा शेजारी बसून सगळं हातांनी सांगत होती. गाळ्याचं झालं, डॉक्टरचं झालं. मग सम्राट म्हणाला, "काका, तिला काय इचारायचं? तिला आता काय कळतंय?"

पूर्णिमाचा हात कानाच्या पाळीकडं गेला आणि वाटेतच थांबला. समोर नसलेल्या बाईची ही खूण समोर बसलेल्या माणसासाठी तिनं आजवर केली नव्हती. नवऱ्याचा शब्द चारचौघांत मोडायचा म्हणजे सोपं नव्हतं. तरी तिनं हात खाली घेतला, तळहात सासूबाईंपुढं उघडा धरला आणि विचारलं, तुम्ही काय म्हणता?

तानाबाईंनी लेकाकडं बघितलं. त्याचं बोलणं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सुनेचा अडलेला हात त्यांनी बघितला होता. त्या बोलल्या, बहिऱ्या माणसाच्या दणदणीत आवाजात.

"कान गेल्यात माझं, डोस्कं न्हाय. डंक चालू ऱ्हाणार. मशीन पूर्णिमा चालवंल, कानात बोळं घालून. गिऱ्हाइकाचं मी भाईर बसून बघणार."

गणपतरावांनी मान डोलावली आणि चहाचा कप उचलला. विषय तिथंच मिटला.

सम्राटची मान मात्र खाली गेली. डंकावर लहानाचा मोठा झाला, पण बायकांचं काम म्हणून आईची बोली त्यानं कधी शिकूनच घेतली नव्हती. तो बायकोकडं सरकला.

"'तुम्ही' कसं करायचं? दाव की."

पूर्णिमानं त्याचा हात धरून वर वळवला. सम्राटनं तो आईपुढं धरला. पुढचं काही त्याला येत नव्हतं. तानाबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना रडू आवरेना.