मामाचा डावा कान

माझा मामा बसड्रायव्हर. आवाज असा, की हॉर्न बिघडला तरी याची बस अडायची नाही. डेपोत त्याचं नावच 'भोंगा' पडलं होतं. घरी आला की मात्र हाच भोंगा तासन्‌तास गप्प बसून गाणी ऐकायचा. निवृत्त झाल्यावर हौसेने दोन मोठे स्पीकर आणले. जागा मिळेल तिथे ठेवले, एक कपाटावर, दुसरा सोफ्यामागच्या कोपऱ्यात. मामी शिवणकाम करायची. तिला गाण्यात काडीचाही रस नव्हता. "अहो, ती कटकट जरा बारीक करा," एवढाच तिचा संगीताशी संबंध.

मग मामा आजारी पडला. ताप उतरला, पण जाताना उजवा कान घेऊन गेला. घरी आल्यावर त्याने आवडती रेकॉर्ड लावली आणि मध्येच उठून बंद केली.

"व्हायोलिन गेलं," एवढंच म्हणाला.

व्हायोलिन कोपऱ्यातल्या स्पीकरमधून यायचं, नेमकं मेलेल्या कानाच्या बाजूने. त्यानंतर मामाने काही लावलंच नाही. मामीने मुद्दाम स्पीकरवर इस्त्रीचे कपडे ठेवून पाहिले. एरवी स्पीकरला कुणी हात लावला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, चकार शब्द बोलला नाही. तेव्हा ती घाबरली.

एका दुपारी मामा बँकेत गेला असताना मी त्यांच्याकडे गेले. बघते तर मामी त्याच्या खुर्चीत, उजव्या कानात कापसाचा बोळा आणि समोर रेकॉर्ड चालू!

"मामी, काय झालं गं?" मी ओरडले.

"ओरडू नकोस, अर्धीच बहिरी आहे. यांना काय ऐकू येतं ते बघतेय. गाणं कसलं, नुसती भिंत घुमतेय!"

मग आम्ही दोघींनी पदर खोचले. कोपऱ्यातला स्पीकर भिंतीपासून पुढे ओढला, तसा घुमारा कमी झाला. कपाटावरचा खाली उतरवला. दोन्ही स्टुलांवर, कानाच्या उंचीला आणले. खुर्ची अशी वळवली की डावा कान त्यांच्याकडे यावा. खिडकीजवळचं शिलाई मशीन आड येत होतं, ते मामीने सरळ पॅसेजमध्ये ढकललं. मी अडवायला गेले, तर म्हणाली, "तू स्पीकर धर."

तरी व्हायोलिन बारीकच येत होतं. अॅम्प्लिफायरवर 'मोनो' लिहिलेलं एक बटण होतं, कुणी कधी हात न लावलेलं. मी ते दाबलं. दोन्ही बाजूंचं गाणं दोन्ही स्पीकरमधून यायला लागलं. कानात बोळा तसाच ठेवून खुर्चीत बसलेल्या मामीने हात वर केला.

"थांब! हेच ना ते, किरकिरणारं?"

"हेच!"

बँकेतून परतलेला मामा दारातच थबकला. "चोरी झाली की काय?"

"बसा आधी," मामी म्हणाली.

तो बसला. व्हायोलिन सुरू झालं तेव्हा त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत हलला नाही. मग मी त्याला कापसाची गोष्ट सांगितली. त्याने मामीकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे.

"तुझं मशीन गं?"

"ते कुठेही चालतं. तुमच्या कानाचं तसं नाही."

भोंगा उठून तिच्याजवळ गेला, तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "फार केलंस गं."

"पुरे, मुलगी बघतेय," मामी म्हणाली, पण हात सोडवून घेतला नाही.

आता पाहुणे त्या स्पीकरना अडखळतात. मामा हलवू देत नाही. ज्याला त्याला खुर्चीत बसवतो आणि अभिमानाने सांगतो, "बायकोने लावून दिलंय." पॅसेजमध्ये उजेड कमी पडायचा, तिथे त्याने दुसऱ्याच दिवशी दिवा बसवून घेतला. रेकॉर्ड उलटायला उठला की आधी पॅसेजमध्ये डोकावतो आणि मामीच्या सुईत दोरा ओवून देतो.