प्रभुभोजनाचं ताट

शेवगावजवळच्या आमच्या चर्चमध्ये वस्तीतली एक बाई नेहमी शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसायची. प्रार्थना मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी करायची. "बापा, मी लई तोंडाळ हाय. काल जावंला नको ते बोलले."

शेजारी बसलेली तिची जाऊ डोळे मिटूनच म्हणायची, "आता देवालाबी सांगितलंस व्हय?"

माझी आई पदरात तोंड लपवून हसायची.

पुढे नळावर आईशीच तिचं भांडण झालं आणि अबोला सुटण्याआधीच आई गेली. तेव्हापासून तिची प्रार्थना ऐकू येईना. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत वाटतात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की ती तुकडा न घेता तसंच पुढे द्यायची. भांडण मिटवल्याशिवाय ती भाकर घ्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

एका रविवारी चर्च सुटल्यावर ती हात जोडून माझ्यासमोर उभी राहिली. "बापाला रोज सांगते. पर तुझ्या आईला आता कुठं गाठू? म्हनून तुला इचारते, पोरी. माफ करशील?"

मी तिचे जोडलेले हात हातात घेतले.

पुढच्या प्रभुभोजनाला मी तिच्याजवळ बसले. ताट आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलावली, तेव्हा कुठे तिनं तुकडा उचलला. मग तोच जुना आवाज चर्चभर घुमला, "बापा, मी लई तोंडाळ हाय."

जाऊ खाकरली. मी नकळत आईच्या हसण्याची वाट पाहत राहिले.