पंख्याखालची खुर्ची

काल लेकीला वाचनालयाच्या अभ्यासिकेत सोडायला गेले. पंख्याखालच्या खुर्चीवर कुणीतरी ओढणी टाकून जागा धरली होती, आणि जुन्या कागदांच्या कुबट वासात मला सुनंदा आठवली.

ती कबनूरहून एसटीनं यायची. ती पोचेपर्यंत मी अशीच ओढणी टाकून तिची जागा धरायचे. एकदा आठवडाभर आली नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "लगीन ठरलंय तिचं, आता कुठली येतीया? उचल की ओढणी."

मी उचलली आणि स्वतःच तिथं बसले. गार वारा लागला, बरं वाटलं.

दुपारी मान वर केली, तर दारात सुनंदा, वह्या छातीशी धरून. खुर्चीकडं बघून कसनुसं हसली आणि आल्या पावली परत गेली.

मी हाक मारली नाही. वाचनालयात बोलायचं नसतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय.