बल्ब बरोबर आहे

आमच्या दुकानात एक नियम होता, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही हाही नियमच होता. ग्राहकासमोर ‘आमची चूक’ म्हणायचं नाही. वायर वितळो, गाडी बंद पडो, बल्ब बरोबर आहे.

हा नियम बाबा आणि वामनकाका मिलमधून घेऊन आले होते. दोघंही तिथे इलेक्ट्रिक खात्यात. चूक कबूल करणाऱ्याचा पगार कापला जायचा, म्हणून कोणी करायचंच नाही. पुढे मिलच बंद पडली, तेव्हाही कोणाची चूक निघाली नाही. मग दोघांनी परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्याच वस्तीत, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स होऊन नोकरी शोधत होते आणि तोवर दुकानात बसत होते. बाजारात नव्या गाड्या येत होत्या, त्यांच्या मागोमाग दिल्लीहून एलईडी बल्ब. जुना काढायचा, एलईडी लावायचा, एवढंच तर काम. पण त्यातूनच किस्से साठत गेले, डब्यात फ्यूज बल्ब साठतात तसे. मैत्रिणी ऐकून पोट धरून हसतात. मीही हसते, पण माझे कान गरम होतात.

* * *

पलासियाच्या कोचिंगमध्ये शिकणाऱ्या एका मुलानं हौसेनं बाइकचे चारही इंडिकेटर एलईडी करून घेतले. डावीकडचा स्विच दाबला, चारही लागले. उजवीकडचा दाबला, तरी चारही.

“भिया, ये क्या है?”

“नया फॅशन है,” वामनकाका म्हणाले.

मुलगा खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आला. “पीछेवाले पूछ रहे हैं, जाना किधर है!”

“तो हाथ दिखा दिया कर ना.”

“फिर इंडिकेटर किसलिए लगवाया?”

काका शांतपणे म्हणाले, “शोभा के लिए.”

मीटरमधला छोटा दिवा दोन्ही बाजूंना एकच असतो. त्याच्यातून करंट पलीकडे जातो, आणि एलईडीला तेवढासा करंटही पुरतो. दोन डायोड लावले की मिटलं. मी लावले. काका मुलाला म्हणाले, “तुम्हारी गाड़ी की कंपनी की वायरिंग में फॉल्ट था.” मी मान वर केली नाही.

* * *

एकदा काकांनी एलईडीचं अख्खं पाकीट डिफेक्टिव्ह ठरवलं. एकही लागेना. सियागंजच्या घाऊक व्यापाऱ्याशी भांडायला मला बरोबर नेलं. का, तर मी इंग्लिश बोलेन.

व्यापाऱ्यानं एक बल्ब घेतला, होल्डरमध्ये घातला. नाही लागला. काढला, उलटा करून घातला. लख्ख. दुसरा, तिसरा, सगळे तसेच.

“प्लस-मायनस होता है इसमें, भाईसाब,” तो म्हणाला.

मला वाटलं, आता तरी काका हसतील. काकांनी पाकीट खिशात घातलं. “तुम्हारे यहाँ की लाइन अलग है.”

व्यापारी माझ्याकडे बघत होता. मला एकही इंग्लिश शब्द आठवला नाही.

* * *

माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्कूटी घेऊन आल्या. एलईडी लावल्यापासून इंडिकेटर वेड्यासारखा भराभर उघडझाप करायचा. एलईडी इतका कमी करंट घेतो की उघडझाप करवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला वाटतं, बल्ब उडाला, आणि तो घाई करतो. फ्लॅशर बदलायला हवा होता. पण बाबा म्हणाले, “मॅडम, नवीन आहे ना, आठवडाभरात शांत होईल.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तू तर माझी विद्यार्थिनी. होतो का गं शांत?”

बाबा पाना पुसत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं.

“होतो, बाई,” मी म्हणाले.

बाई ‘बरं’ म्हणून गेल्या. त्या आमच्या घरासमोरच्या गल्लीतूनच जातात. आठवडाभर मी मागच्या गल्लीनं आले-गेले.

* * *

त्यानंतर मी हट्टानं रेझिस्टर मागवले. ते लावले की फ्लॅशरला वाटतं, जुनाच बल्ब आहे. फक्त ते तापतात, म्हणून लोखंडाच्या चेसिसवर कसायचे. काकांनी दूधवाल्या भूरेलालच्या गाडीत रेझिस्टर सीटखाली, फोमला टेकवून बसवला. भूरेलाल इंडिकेटर चालू ठेवूनच घरोघर दूध मोजायचा.

“वामन भिया, सीट के नीचे सिगड़ी रख दी क्या?”

“जनवरी में दुआ देगा.”

फोमला काळं भोक पडलं होतं. मी रेझिस्टर काढून चेसिसवर लावला, भूरेलालला काहीच सांगितलं नाही. घरी बाबा आईला म्हणाले, “पोरगी शिकली आता. तोंड बंद ठेवून काम करते.” ते कौतुक होतं.

* * *

मग कैलासजींची व्हॅन आली. कैलासजी बाबांच्याच खात्यातले. मिल सुटल्यावर शाळेची व्हॅन चालवायला लागले होते. गाडी त्यांची नव्हती, मालकाची. दुपारपाळीची शाळा सुटते तेव्हा हिवाळ्यात अंधारतं. अशाच एका संध्याकाळी त्यांनी ब्रेक मारला आणि मागून टेम्पो धडकला. एका मुलीच्या कपाळाला टाके पडले. टेम्पोवाला म्हणत होता, ब्रेक लाइट लागलाच नाही. मागचा दिवा आणि ब्रेक लाइट त्या गाडीत एकाच बल्बमध्ये: दिवे लावले की तो मंद, ब्रेक दाबला की प्रखर व्हायला हवा. तो एलईडी आमच्याच दुकानात बसवलेला होता.

मालक कैलासजींना घेऊन आला. “आप बता दो, लाइट ठीक है कि नहीं. ठीक है, तो मतलब इसने ब्रेक मारा ही नहीं. कल से गाड़ी दूसरा चलाएगा.”

भर दुपार होती. काकांनी ब्रेक दाबला. मागे लाल दिवा लागला.

“देख लो. बल्ब बराबर है.”

कैलासजी बाबांकडे बघत होते. बाबा पेटीत काहीतरी शोधत होते.

“बिटिया, आप पढ़ी-लिखी हो,” मालक म्हणाला. “आप बोलो.”

“प्रज्ञा,” बाबा हळूच म्हणाले, “सांग त्यांना. बल्ब बरोबर आहे म्हणून.”

“नाही सांगणार.”

“पोरी, मोठे बोलतायत ना,” काका म्हणाले.

“मोठेच सांगतील, काका. मी गाडीत बसते. तुम्ही आणि बाबा मागे उभे राहा.”

मी आत बसले. संध्याकाळी असतात तसे सगळे दिवे चालू केले. आरशात दोघंही मागच्या दिव्यापाशी वाकलेले दिसत होते, त्यांच्या मागे मालक आणि कैलासजी.

“मी ब्रेक दाबला की हो म्हणा. सोडला की नाही म्हणा.”

मी ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला, आणि दाबूनच ठेवला.

“बोला ना, बाबा.”

मागे चौघं उभे होते. दिवा लाल जळतच होता, पण हो कधी म्हणायचं ते कोणालाच कळत नव्हतं.