नावाचं कडवं

कांताबाईंना माइक देणं म्हणजे विजेची नासाडी, असं आम्ही शेजारी चेष्टेनं म्हणायचो. इतका त्यांचा आवाज खडा. लग्न होऊन त्या उस्मानाबादकडून विश्रांतवाडीत आल्या. नवरा उत्तरेश्वर कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत पेटीवर. भीमजयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून या जोडीचे कार्यक्रम व्हायचे.

गाणी रचायच्या कांताबाईच, भाकरी थापता थापता. अशा गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. कांताबाई तिथं नवऱ्याचं नाव घालायच्या. त्या भल्या माणसाला एक यमक जुळवता येत नव्हतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी कॅसेट निघाली तेव्हा कॉलर ताठ करून हिंडले ते उत्तरेश्वरच. पुढच्याच वर्षी ते अचानक गेले. पार्टी मोडली, कॅसेटींचे दिवस सरले आणि जयंतीला डीजे आला. त्याच्या धडधडाटात माझ्या खिडकीची काच गेली, ते आणखी वेगळंच.

मुलगा राकेश हिंजवडीला आयटी कंपनीत लागला. आईचं गाणं पुन्हा लोकांच्या कानावर पडावं, म्हणून एका जयंतीला त्यानं कॉम्प्युटरवर बसून त्या कॅसेटमधल्या गाण्याचं रीमिक्स केलं. ट्रकवर ते वाजलं, पोरं बेभान नाचली. कांताबाई दारात हसत उभ्या होत्या. गाणं संपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फार लांबतंय म्हणून राकेशनं शेवटचं कडवं काढून टाकलं होतं.

"पण मम्मी, गाणं तर तूच लिहिलंयस ना? मग क्रेडिट पप्पांना कशाला?" त्यानं विचारलं.

"माझं नाव घ्यायला तू हाईस," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाव तेवढ्या कडव्यातच ऱ्हायलं हाय. तेच तू कापलंस."

राकेशनं डीजे बंद करायला लावला आणि हाताला धरून आईला ट्रकवर चढवलं. कांताबाईंनी कडवं धरलं, पण नावापाशी येताच त्या थांबल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेव्हा खाली उभ्या असलेल्या जुन्या बायकांनी ते नाव उचललं आणि कडवं पुरं केलं. मला रडू आवरेना.

रीमिक्समध्ये आता ते कडवं परत आलंय. तिथं ठोका थांबतो, पोरंही थांबतात आणि राकेश माइक घेऊन बापाचं नाव स्वतः गातो. बापाला जसं यमक जुळायचं नाही, तसा याला सूर लागत नाही! पण कांताबाई दारात उभ्या राहून ऐकतात, आणि तेवढ्यापुरता डोक्यावरचा पदर नीट करतात.